खोल मारलेलं नाव

नखाला काहीतरी अडकलं, एवढंच झालं. वसंताने दक्षिणेतून आणलेला तो तुकडा मी फडक्याने पुसत होते. त्याने दोनदा 'पुसू नको' म्हटलं होतं म्हणूनच पुसत होते, नाहीतर मला काय पडलंय. परातीएवढा, मधे जरासा फुगीर, कडेने करवतीने कापलेला, आणि दिसतो त्याहून इतका हलका की उचलताना हात उगीच वर जावा. रॉकेटच्या इंधनाच्या टाकीला दोन्ही टोकांना घुमट असतात म्हणे, त्यातल्या एकाचा हा तुकडा. आज चार वाजता नगरपालिकेच्या हॉलमध्ये राष्ट्रीय एकता सप्ताहाचा समारोप, त्यात माझ्या भावाचा सत्कार, आणि हा तुकडा लाल मखमलीवर ठेवून गावाला दाखवायचा होता. पुढची बाजू आरशासारखी होती. मागच्या बाजूला, कडेपासून चार बोटं आत, माझ्या अंगठ्याचं नख थांबलं. मी चष्मा लावला नाही. तीस वर्षं मी लोकांची नावं भांड्यांवर घालते आहे, नाव मला बोटाने वाचता येतं. ग, त्याला काना आणि मात्रा. द, त्याला काना. आणि त्या शेवटच्या कान्याच्या तळच्या टिंबापासून निघून वीतभर धावत गेलेली, केसाएवढी चीर.

माझंच नाव. आणि मनात पहिला विचार आला तो हा, की गाढवाचा हात अजून वाकडाच आहे. छिन्नी उभी धरायची, ठोका मनगटातून द्यायचा, कोपरातून नाही, हे मी त्याला लहानपणी शंभरदा सांगितलं असेल. ग ची उभी रेघ डावीकडे कललेली, दारूड्यासारखी. देशाच्या रॉकेटवर लिहायला बसला आणि अक्षर तेच, घागरीवरचं. दुसरा विचार, नावातूनच निघालेल्या त्या चिरेचा, यायला जरा वेळ लागला, आणि तो आल्यावर मी फडकं खाली ठेवलं.

आमचं दुकान म्हणजे पुढे भांडी, मागे भट्टी. दादा, म्हणजे आमचे वडील, तांबट होते. तांबं महागल्यावर गाव जर्मनच्या भांड्यांवर आलं, तसे दादाही आले. अॅल्युमिनियमला आमच्याकडे जर्मनच म्हणतात, का ते जर्मनीवाल्यांनाही ठाऊक नसेल. मी शाळेत चौथीपर्यंत गेले, पुढचं सगळं वाचन भांड्यांवर झालं. कोणाच्या लग्नात कोणी काय दिलं, कोणी सोयरिकीत ठसठशीत पातेलं दिलं आणि सख्ख्या भाचीला वाटी, हे सगळं माझ्या छिन्नीखालून गेलेलं आहे. म्हणून या गावाच्या मोठेपणाचं मला कौतुक नाही. भांड्याच्या बुडाशी माणूस किती कंजूष असतो ते मी पाहिलेलं आहे. आठ दिवसांपूर्वी भाईदास दुकानात आला होता, निमंत्रणाचं कार्ड घेऊन. तो आमच्याच पेठेतला भांड्यांचा ठोक व्यापारी, आणि सत्कार समितीचा अध्यक्ष, कारण मखमल त्याच्याकडे आहे. कार्डावर छापलं होतं, 'नगर के सपूत श्री वसंत दिगंबर तांबट'. मी म्हटलं, "हा सपूत कधीपासून झाला?"

"गोदाबाई, असं काय बोलता राव. मराठी पोरगा, एमपीचा, केरळात जाऊन देशाचं रॉकेट बनवू राहिला. याच्यापेक्षा मोठी एकता काय असते? एसडीएम साहेब स्वतः येऊन राहिले."

"मग भाषण कुठल्या भाषेत करणार तो? मल्याळीत?"

"हिंदीतच करा लागेल. साहेबांना मराठी नाही समजत."

हीच ती एकता. माझं या शब्दाशी जुनं भांडण आहे. छप्पन साली माझं लग्न ठरलेलं होतं, मलकापूरला. तेव्हा मलकापूर आणि आमचं बुरहानपूर एकाच राज्यात होते, मुलगा कलेक्टर कचेरीत कारकून, त्याची बदली इकडे होईल असं त्याचे वडील सुपारी फोडताना म्हणाले होते. दादांनी एकवीस भांडी घडवली आणि हातासरशी त्यांच्यावर नावंही घालून टाकली, 'सौ. गोदावरी', पुढे त्यांचं आडनाव, पुढे मलकापूर. लग्नाआधी 'सौ.' घालू नये हे कोणीही सांगेल, पण तांबटाच्या घरी भांडं नावाशिवाय कपाटात ठेवायची सवयच नसते. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला दिल्लीवाल्यांनी नकाशावर नवी रेघ ओढली. मलकापूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही इकडेच राहिलो, हिंदीवाल्यांत. पंधरा दिवसांत त्यांचं पत्र आलं. मुलाची नोकरी आता त्या राज्यातली, मुलगी परप्रांतातली, तरी विचार करावा. मुलगी परप्रांतातली! चार स्टेशनं ओलांडली की परप्रांत. मला त्या माणसांचा राग कधी आला नाही. राग यायला समोर माणूस लागतो. ती नुसती पत्रं लिहिणारी बोटं होती.

मागच्या अंगणात वसंता आरशासमोर उभा राहून हिंदी घोटत होता. "आदरणीय मंच, और मेरे नगरवासियों." बेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, नवा सफारी. मी तुकडा त्याच्यासमोर धरला, मागची बाजू वर करून. तो थांबला. आरशातूनच बघत राहिला, वळला नाही.

"पुसू नको म्हणलं होतं ना आक्का."

"हे काय आहे?"

"सँपल आहे."

"वसंता, मी तुला ढुंगण धुवून वाढवलेलं आहे."

मग त्याने सांगितलं. पायरीवर बसून, सफारीला मळ लागेल म्हणून खाली आधी वर्तमानपत्र घालून. तो मिश्रधातूचा पत्रा आपल्या जर्मनसारखा नसतो, म्हणाला. "भट्टीतून काढला का लगेच पाण्यात बुडवतात. मग दोन-तीन तास तो लोण्यासारखा मऊ असतो. तेवढ्यातच त्याला साच्यावर दाबून घुमट करून घ्या लागतो. नंतर तो आपोआपच कडक होऊ लागतो, कोणी हात नाही लावला तरी. नुसता पडल्या पडल्या. मग ओव्हनमध्ये ठेवला का संपलंच, मग त्याच्यात काही बदलत नाही."

"आणि त्या दोन-तीन तासांत तुला माझी आठवण आली."

"हो."

"दुसरं काही काम नव्हतं तिथं?"

जेवणाची सुट्टी झाली होती, म्हणाला, हॉलमध्ये कोणी नव्हतं, घुमट साच्यावरून नुकताच उतरेल होता. इतका सुरेख झाला होता आक्का, कुठं सुरकुती नाही. आणि वर जाणार. सरळ वर. त्याने खुणा पाडायचा पंच घेतला आणि आतल्या बाजूला, कडेजवळ, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे नाव घातलं. अर्धं मिनिट लागलं. सहा आठवड्यांनी टाकी जोडून झाली, पाणी भरून दाब देऊ लागले, आणि दाब ठरलेल्या आकड्याच्या पुष्कळ अलीकडे असतानाच टाकी तडकली. तिथून. बरोबर नावातून. कापून भिंगाखाली ठेवली तेव्हा सगळे साहेब रांगेने वाकून बघत होते.

"मग?"

"एक बिहारचा साहेब होता, त्याला वाचता आलं. तो म्हणे, ये गोदा कौन है?"

"काय सांगितलंस?"

वसंताने वर्तमानपत्राची कड दुमडली. "म्हणलं, कोई नहीं."

अंगणात लिंबाच्या झाडावर साळुंक्या कचाकचा भांडत होत्या. कोई नहीं. बरोबरच आहे, म्हटलं. मालाच्या यादीत माझा रकाना कुठे होता? नऊ वर्षांपूर्वी याचं पत्र आलं होतं, 'आक्का, माझी बढती होऊन आता स्टोअरला आलो आहे', आणि मी पेठेत पेढे वाटले होते. भाईदासने दोन घेतले होते. तर ती बढती ही होती. धातूला हात लावायचा नाही. खिडकीत बसायचं, खिळे मोजून द्यायचे. हा तुकडा त्यांनी काही वर्षं कपाटात ठेवला, नव्या पोरांना दाखवायला, असं करू नये म्हणून. मग कपाट बदललं, तुकडा भंगारात आला, आणि भंगार स्टोअरच्या ताब्यात असतं. तो घेऊन आला. गावाला दाखवायला त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

"घासून दे ना आक्का," तो म्हणाला. "चारच्या आत. पॉलिटेक्निकचा मास्तर पुढच्या रांगेत बसणार आहे, त्याने उलटा करून पाहिला का संपलो मी. माझ्या हाताने नाही होणार. तुला येते ते."

तुला येते ते. याची बायको वंदना आत पोहे करत होती, तिने कढई आपटली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं की मला घासता येतं. का नाही येणार? एकवीस भांडी मी स्वतः घासली होती, छप्पनच्या मार्गशीर्षात, याच अंगणात. दादा म्हणाले, नाव काढून टाकू, भांडी कोरी म्हणून निघतील. ते कानस घेऊन बसले, पण त्यांना काही दिसेना, डोळे सारखे पुसावे लागत होते; मीच म्हटलं, द्या इकडे. आधी कानस, मग विटेची पूड, मग तेल आणि चिंधी. दादांचा हात हलका होता. ते नाव घालायचे तेव्हा धातूवर फक्त श्वास पडल्यासारखं घालायचे, भांड्याला त्रास नको म्हणून. त्यामुळे ते इतकं पटकन गेलं! 'सौ.' तर कानशीच्या दोन हातांत गेलं. मला त्याचं फार वाईट वाटलं, लग्न मोडल्याचं नाही. इतक्या लवकर जावं? आणि वसंता, अकरा वर्षांचा, नाक वाहत असलेला, समोर उकिडवा बसून प्रत्येक भांडं उन्हात धरून बघायचा आणि म्हणायचा, "गेलं. हेही गेलं."

मी भाता चालवला. कोळसे लाल झाले. जर्मन मऊ करायची आमची रीत साधी आहे, तिला घड्याळ लागत नाही. पत्र्यावर कपड्याच्या साबणाची वडी ओढायची आणि शेकवायचं. साबण पिवळा होतो, तपकिरी होतो, आणि काळा झाला की लगेच उचलायचं, क्षणभर जास्त ठेवलं तर पत्रा वितळून खाली बसतो. साबण कळतो त्याला पत्रा कळतो, असं दादा म्हणायचे. पॉलिटेक्निकच्या मास्तरला हे सांगितलं असतं तर त्याने वहीत लिहून घेतलं असतं आणि खाली स्वतःची सही केली असती. मी नावावरून साबणाची रेघ ओढली आणि तुकडा विस्तवावर धरला. काळा होऊ दे, मग ऐरणीवर उलटा ठेवून मागून ठोकून टिंबं वर आणायची, मग कानस. तासाभराचं काम. हातोडी मी मांडीवर घेऊन बसले होते. वसंता दारात उभा, घड्याळ बघत.

साबण पिवळा झाला. मी टिंबांची खोली बघत होते. किती खोल मारलंय मेल्याने! नाव घालायला एवढा घाव लागतो का? ठोका कसा, मेख मारल्यासारखा. कोणी शिकवलं याला असं मारायला, दादांनी तर नाही; दादा मरेपर्यंत म्हणत होते, भांड्याला खरचटलं पाहिजे, जखम नको. साबण तपकिरी झाला. आणि मला तो दिवस दिसला, कुठल्याही ओळखीच्या दिवसासारखा, फुकटचा. मी वीस-एकवीस वर्षांची, दादांची नजर गेलेली, नावं घालायचं काम माझ्याकडे आलेलं. वसंता शेजारी, फुटक्या डब्याच्या झाकणावर हात बसवतोय, आणि मी त्याच्या टाळक्यात टपली मारून म्हणते आहे, "खोल मार. अजून खोल. कोणाच्या बापाला घासता येऊ नये असं मार."

मीच. वाक्य जसंच्या तसं. हजारो भांडी माझ्या हाताखालून गेली तितकी खोल, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, गोदाबाईचं नाव जन्मभर जात नाही. मला त्याचा ताठा होता. पातेल्याला काय, ते आमटी सहन करतं, खोल घाव पचवतं. पण त्या पत्र्याच्या अंगात तेवढी माया नसते. कडक झाल्यावर तो एक टिंब विसरत नाही. तीस वर्षं मी लोकांकडे नाक मुरडून पाहिलं, मलकापूरकरांकडे, भाईदासकडे, या सपूताकडे, आणि तेवढ्या वेळात माझा हात हजार मैलांवर जाऊन कोणाच्या कोणा टाकीत चीर पाडून आला होता. गाढव कोण, ते एकदा ठरवायला हवं होतं. साबण काळा झाला.

मी तुकडा उचलला, निवू दिला, काजळी पुसली. हातोडी खाली ठेवली आणि फळीवरून गिरमिट काढलं.

"आक्का, काय करू राहिली?"

"चीर थांबवते. चिरेच्या टोकाला गोल भोक पाडलं की ती पुढे जात नाही. हे तुमच्या साहेबांना ठाऊक असेल."

"आणि नाव?"

"नाव नाही जात. खोल आहे."

"घासून तर पाहा!"

"नाही घासत," मी म्हटलं. "एकदा घासलं. एका जन्मात एकदाच घासते बाई. तिकडे कोणी विचारलं तर सांग, कोई नहीं. पाठ आहे तुला."

त्याचं तोंड पांढरं पडलं. नगरात त्याचं एवढंच मोठेपण शिल्लक होतं, हे मला कळत होतं. चार वाजता ते जाईल, हेही कळत होतं. मी गिरमिट फिरवत राहिले. चांदीच्या केसांसारखा धातूचा कीस माझ्या मांडीवर पडत होता.

हॉलमध्ये माईक शिट्टी वाजवत होता. भिंतीवर सर्व धर्मांची मुलं हात धरून उभी असलेलं चित्र, त्यात सगळ्यांची नाकं एकसारखी, कारण पेंटर एकच. एसडीएम साहेब तरुण होता, घड्याळ बघत होता, त्याला अजून शाहपुरात एक एकता उरकायची होती. त्याने वसंताला तीनदा 'वैज्ञानिक महोदय' म्हटलं. वसंताने तिन्हीदा मान खाली घातली. पुढच्या तीन रांगा आमच्या पेठेच्या होत्या. मखमलीवरचा तुकडा साहेबाने उचलून बघितला, बरोबर पुढची बाजू, त्यात स्वतःचा भांग बघितला, आणि भाईदासकडे दिला. मला वाटलं निभावलं. पण भाईदास जन्माचा भांडेवाला. या गावात भांडं हातात आलं की कोणी ते न वाजवता खाली ठेवत नाही. दिवाळीत फुकट मिळालं तरी वाजवून घेतात. भाईदासने सवयीने बोटाचं पेर मारलं.

भद्द.

तीन रांगांमधलं बोलणं बंद झालं. आवाज सगळ्यांनी ओळखला. मागे आशाबाई कासारीण होती, ती स्वतःशीच बोलल्यासारखी मोठ्याने म्हणाली, "तडकेल आहे." भाईदासने तुकडा उलटा केला. चष्मा वर घेतला. खाली घेतला. माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात साहेब वाकला आणि अक्षरं लावत म्हणाला, "अच्छा, पीछे कुछ लिखा भी है. गो... दा. ये गोदा कौन है?"

मी तिसऱ्या रांगेत कडेला बसले होते. पदराच्या आत माझी बोटं एकमेकांवर बसली होती, भट्टीची काजळी अजून नखांत. मला उत्तर पाठ होतं. दोन शब्द, ते ऐकले की उठायचं आणि दुकान उघडायचं, असं मी ठरवून आले होते. तुच्छतेचं एक सुख असतं, ती कधी निराश करत नाही.

वसंता माईकपाशी गेला. घोटलेला कागद खिशातच होता. "मेरी बहन है साहब," तो म्हणाला. "वो बैठी है. बर्तन पे नाम डालती है. मुझे उसीने सिखाया, के गहरा मारो, मिटना नहीं चाहिए. मैंने टंकी पे मार दिया. टंकी फट गई. मैं वैज्ञानिक नहीं हूँ, स्टोर में बैठता हूँ. नऊ साल से." नऊ मराठीतच म्हणाला. मग हिंदी संपली असावी, कारण पुढचं तो माझ्याकडे बघून आमच्या बोलीत बोलला, "लई सुरेख झाला होता आक्का तो घुमट. खरंच."

माईकने शिट्टी मारली. साहेबाला त्यातलं 'बहन' तेवढं ऐकू आलं असावं. तो हसून टाळ्या वाजवू लागला, मग मागच्या रांगांतल्या शाळेच्या मुलांनी वाजवल्या, कारण त्यांना तेवढंच शिकवून आणलं होतं. पेठेच्या तीन रांगांनी वाजवल्या नाहीत. पॉलिटेक्निकचा मास्तर तोंड उघडं टाकून बसला होता. शाल घेऊन उभा असलेला भाईदास क्षणभर अडला, मग म्हणाला, "आणेल आहे तर घालून टाकू," आणि घातली. संध्याकाळपर्यंत सपूताचं काय होणार ते मला दिसत होतं. सगळी डोकी वळून माझ्याकडे बघत होती, आणि मला कळेना मान कुठे ठेवावी. पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून मुरडायला माझ्याजवळ नाक नव्हतं.

आम्ही तिघं पायीच आलो. वंदना पुढे, तरातरा, शाल तिच्या काखेत. वसंता तुकडा छातीशी धरून मागे. राजघाटाच्या वळणावर तो म्हणाला, "आता सगळे हसतील." मी म्हटलं, "हसू दे. आवाज येईल गावाला जरा." घरी आल्यावर त्याने विचारलं, याचं काय करू. मी तो त्याच्या हातातून घेतला, नावाची बाजू वर करून पाण्याच्या रांजणावर ठेवला. नीट बसला नाही. फुगीर असल्याने एका अंगाला डगडगत होता, आणि वंदनाने पाणी काढून झाकण टाकलं तेव्हा तोच आवाज आला, भद्द.

"वाजते आहे आक्का ते," वसंता म्हणाला.

"अक्षर बघ आधी," मी म्हटलं. "ग केवढा वाकडा. छिन्नी आण ती, आणि बस इथे. मनगटातून मारायचं. हलकं."